सांगून गेली असती तर

आमच्या आईचा देवावर होता त्याहून जास्त विश्वास नजरेवर होता. देवाला सकाळी दोन फुलं वाहून ती मोकळी व्हायची, नजरेचं मात्र दिवसभर सांभाळायची. घरात काही चांगलं घडायच्या बेतात असलं की आम्ही सगळे आपोआप हळू आवाजात बोलायला लागायचो. तिची तरी काय चूक म्हणा. बाबांची एकदा पुण्याला बदली झाली म्हणून तिने अख्ख्या ब्लॉकला पेढे वाटले, आणि शेजारणींची अभिनंदनं संपायच्या आत ऑर्डर रद्द झाली. नंतर ताईचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं, ते तिने फक्त समोरच्या चढ्ढा आंटींना सांगितलं, आणि मुलाकडच्यांचा नकार आला. तेव्हापासून आमच्याकडे कायदाच झाला, पक्कं झाल्याशिवाय बोलायचं नाही. पक्कं म्हणजे नुसता कागद हातात येऊन भागायचं नाही, पहिला पगार घरात आला की मगच. मी तेव्हा कॉलेजात होते, मला या सगळ्याचं हसू यायचं. आता पन्नाशी जवळ आली आहे, आणि मुलीचं कुठे काय चाललंय असं कुणी विचारलं की माझ्याही तोंडून "बघू या काय होतंय ते" असंच निघतं. मग स्वतःचाच राग येतो.

तो हिवाळा मला वासांनी आठवतो. आमचं क्वार्टर दक्षिण दिल्लीत, पहिल्या मजल्यावर, बाबांच्या मंत्रालयातल्या नोकरीचं. सकाळी धुक्यातून भाजीवाल्याची आरोळी आधी यायची आणि भाजीवाला नंतर दिसायचा. दुपारी थोडं ऊन पडलं की आई गच्चीवर चटई टाकून बसायची, आजूबाजूच्या बायका लोकरीच्या सुया घेऊन यायच्या, आणि मटार सोलता सोलता सगळ्या जगाचा हिशेब लागायचा. आईचं हिंदी म्हणजे मराठीलाच हिंदीचा स्वेटर घातलेला, पण तिचं कुणाशी अडायचं नाही. महाराष्ट्रातून कुणी ओळखीचं आलं की राज्य सरकारच्या गेस्ट हाउसवर उतरायचं, बाबा तिथे जाऊन त्यांना भेटायचे, आणि येताना पिशवीत मेतकूट, आमसुलं, गोडा मसाला असं काहीबाही घेऊन यायचे. त्या संध्याकाळी आमटीचा वास जिन्यापर्यंत जायचा. चढ्ढा आंटी दार उघडून विचारायच्या, आज क्या बन रहा है जी, आणि आई वाटी भरून पाठवायची. वाटीभर आमटी द्यायला आईचा हात कधी आखडला नाही. बातमी द्यायला मात्र आखडायचा.

माझी ताई, वैशाली, फिजिओथेरपिस्ट होती. नोएडातल्या एका खासगी केंद्रात तिला कंत्राटावर काम मिळालं होतं. अर्धांगाचा झटका आलेल्या, हाडं मोडलेल्या लोकांना पुन्हा उठतं-बसतं करायचं, असं काम. तेव्हा मेट्रो नोएडात आलेली नव्हती. ती सकाळी चार्टर्ड बसने जायची आणि संध्याकाळी गारठून परत यायची. शनिवारी अर्धा दिवस असायचा. कॉलेज नसलं की मी तिच्याबरोबर जायची, तिचं काम होईपर्यंत खुर्चीत बसून राहायची, आणि मग आम्ही दोघी अट्टा मार्केटमध्ये फिरून टिक्की खाऊन घरी यायचो. ताई घरात तशी अबोल. आईने काही म्हटलं की "बरं" म्हणायची आणि विषय संपवायची. त्या हॉलमध्ये मात्र ती वेगळीच बाई व्हायची. आवाज चढवायची, दटावायची, मोठमोठ्या माणसांना लहान मुलांसारखी लाच द्यायची, आणि कुणी एक पाऊल टाकलं की टाळ्या पिटायची. मला तिचा पहिल्यांदा अभिमान वाटला तो तिथे.

बीजी तिथेच भेटल्या. पानिपतच्या, घरचा चादरी-कांबळ्यांचा धंदा, नवरा वारलेला. झटका आल्यावर मुलाने नोएडात आपल्याकडे आणलं होतं. उजवी बाजू लुळी, पण जीभ शाबूत, आणि तीही अशी धारदार की केंद्रातले दोन फिजिओ त्यांच्यापुढे जायला घाबरायचे. ताईला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मला चालायबिलायचं नाही, मला जिना चढायचाय. त्यामागची गोष्ट अशी. पानिपतच्या घरात खाली दुकान-गोदाम, आणि राहायच्या खोल्या वर. मुलाचं म्हणणं, आईला जिना चढता येत नाही तर ते घर ठेवून काय उपयोग, विकून टाकू. शेवटी मायलेकांत ठरलं होतं की बीजी आपल्या पायांनी जिना चढून दाखवतील तर घर राहील आणि तो त्यांना तिथे पोचवेल. मुलगा वाईट नव्हता, त्याला खरंच वाटत होतं की हे कधी होणार नाही. हॉलच्या कोपऱ्यात सरावासाठी लाकडी जिना होता, एका बाजूने चढायचा, दुसऱ्या बाजूने उतरायचा. ताई बीजींना कमरेच्या पट्ट्याला धरून त्याच्यापुढे उभी करायची आणि म्हणायची, "चलिए बीजी, पानिपत." बीजी शिव्या देत पाय उचलायच्या. दिवाळीनंतर त्यांना उभंसुद्धा राहता येत नव्हतं, आणि थंडीच्या ऐन भरात त्या पहिल्या पायरीवर चढल्या. त्या दिवशी ताई घरी आली ती गुणगुणतच, आणि आईने मला खुणेने विचारलं, काय गं, काय झालंय हिला.

ताईची मैत्रीण शबाना हिचं काम मात्र त्याआधीच, पावसाळ्यात, गेलं होतं. दोघी एकाच दिवशी केंद्रात लागलेल्या. एका सकाळी शबाना नेहमीसारखी आली, गेटवर कार्ड लावलं, आणि ते चाललंच नाही. गार्ड म्हणाला, मॅडम, लिस्ट से नाम कट गया. ना चिठ्ठी, ना फोन. तिचा कोट आणि डबा कुणीतरी बाहेर आणून दिला. ताईने हे घरी सांगितलं तेव्हा बाबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. बाबा सरळमार्गी, ऑफिसातली पेन्सिल घरी न आणणारे. पण कायम नोकरीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे कंत्राट या प्रकाराचाच त्यांना राग होता. ते म्हणाले, ही नोकरीच नव्हे, ही हमाली आहे. तू सरकारी इस्पितळाचा अर्ज भर. ताईने भरला. परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि थंडी पडल्यावर यादीत तिचं नाव लागलं.

यादी लागली तेव्हा ताईपाशी वेळ होता, भरपूर होता. वैद्यकीय तपासणी, पोलिसांची चौकशी, कागदांची पडताळणी, या सगळ्याला सरकारी वेगाने वेळ लागणारच होता. तिच्या करारात एक महिना आधी सांगायची अट होती, आणि ती त्याच दिवशी सांगणार होती. आईने तिला स्वयंपाकघरात नेऊन दार लावून घेतलं. मला बाहेर ऐकू येत होतंच, आमची दारं तशीच होती. आई म्हणत होती, पोलिस चौकशीत अडकलं तर? तपासणीत काही निघालं तर? इकडेही नाही आणि तिकडेही नाही, असं झालं तर लग्नाच्या वेळी काय सांगायचं लोकांना? बाबांनीही आईची बाजू घेतली, आणि ते सहसा होत नसे. ते म्हणाले, "शबानाला त्यांनी किती दिवस आधी सांगितलं होतं? नोटीस काय एकट्या नोकरानेच द्यायची असते?" ज्या केंद्राने एका मुलीला गेटवरून परत पाठवलं, त्याचं आपण काय देणं लागत होतो? मी या गोष्टीवर पुष्कळांशी भांडले आहे, आणि केंद्रापुरतं बाबांचंच बरोबर होतं असं मला वाटतं.

पण ताई केंद्राचं म्हणतच नव्हती. ती म्हणाली, "केंद्राला नाही सांगत. बीजींना तरी सांगू दे. त्यांना दुसऱ्या कुणाच्या हाताची सवय लावावी लागेल, असं एकदम सोडलं तर त्या कुणाला जवळ येऊ देणार नाहीत." आई म्हणाली, बीजी त्यांना सांभाळायला ठेवलेल्या आयाला सांगणार, आया रिसेप्शनवर सांगणार, म्हणजे झालंच. आणि मग तिने ते म्हटलं ज्याच्यापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालायचं नाही. म्हणाली, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." ताई "बरं" म्हणाली.

नेमणुकीचं पत्र आलं ते लगेच हजर व्हा असं. शनिवारी ताई शेवटची केंद्रात गेली, मी बरोबर होते. तिने नेहमीसारखंच काम केलं. केंद्रात नवीन लागलेला एक फिजिओ होता, शांत स्वभावाचा मुलगा, त्याला तिने मुद्दाम बीजींच्या दुसऱ्या बाजूला उभं केलं, बीजींनी त्याचा हात झटकला. त्या दिवशी बीजी लाकडी जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत पोचल्या. वर उभ्या राहून त्यांनी सगळ्या हॉलकडे पाहिलं, जशा काही दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या आहेत, आणि म्हणाल्या, आता उतरायचं सोमवारी शिकव, म्हणजे लेकाला बोलावून दाखवते. ताईने त्यांना उचलून खाली घेतलं. त्यांची शाल नीट केली, ती परत एकदा नीट केली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. बाहेर आल्यावर मी टिक्कीचं विचारलं तर ती म्हणाली, आज नको, छोटी, आज घरी जाऊ.

सोमवारी ती नव्या इस्पितळात रुजू झाली. आईने देवापुढे साखर ठेवली आणि आम्हाला ताकीद दिली की पगार हातात पडेपर्यंत अळीमिळी गुपचिळी. त्या आठवड्यात घरचा फोन वाजला की आई धावत जाऊन स्वतः उचलायची. एकदा मी तिथेच अभ्यास करत होते. आई फोनवर म्हणत होती, "वैशालीको बुखार है. हाँ, हाँ, अच्छी होगी तो आ जायेगी." फोन ठेवून म्हणाली, कुणी बाई होती, विचारत होती कधी येणार म्हणून. मी संध्याकाळी ताईला सांगितलं. आम्हाला दोघींना वाटलं रिसेप्शनवरची असेल. ताई बुटाची नाडी सोडत होती, ती म्हणाली, असू दे. आईला वाटत होतं की नव्या ठिकाणी काही बिनसलं तर जुनं दार उघडं राहावं. तिच्या मनात पाप नव्हतं. आजारपणाचं खोटं तिने आयुष्यभर लग्नकार्य टाळायला वापरलं होतं आणि त्याने कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं.

थंडी सरता सरता शबाना घरी आली. तिला काम मिळालं नव्हतं, म्हणून ती लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायची. बीजींच्या मुलाने तिला बोलावलं होतं. तिने सांगितलं ते असं. ताई येईना तेव्हा केंद्राने तो नवीन मुलगा दिला, बीजींनी त्याला हातही लावू दिला नाही. बरेच दिवस त्या नुसत्या खुर्चीत बसून परत जायच्या. मग केंद्रात जायचंच सोडलं. आणि एका दुपारी सून बाजारात गेली असताना त्यांनी आयाला घेऊन इमारतीचा खराखुरा जिना चढायला घेतला. सराव सुटलेला, पायांत जोर राहिला नव्हता. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरून त्या आयासकट खाली आल्या. आयाला खरचटलं. बीजींचा खुबा मोडला, आणि त्यांचं हृदय इतकं कमजोर की ऑपरेशन करायला डॉक्टर तयार नव्हते. शबाना म्हणाली, आता त्या पायावर भार द्यायचा नाही, कधीच. मुलाने पानिपतच्या घराचा सौदाही करून टाकला होता. आई तेव्हा चहा घेऊन आली, आणि ताई शबानाला तिच्या कामाचं विचारू लागली.

रविवारी ताई नोएडाला निघाली, मी तिच्यामागोमाग गेले. बीजींच्या खोलीत खिडकीतून समोरच्या टॉवरची भिंत दिसत होती. त्या पलंगावर उशांना टेकून होत्या, अंगावर पानिपतची जाड चादर, चेहरा लहान झालेला. ताईला बघून त्यांचे डोळे असे काही चमकले की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांनी सुनेला सांगितलं, बघ, मी म्हणत नव्हते येईल म्हणून? तुम्ही सगळे म्हणत होता पळून गेली. मी म्हटलं, न सांगता जाणारी पोर नाही ती, आजारी आहे, मी स्वतः फोन करून तिच्या आईला विचारलंय. ताईने माझ्याकडे पाहिलं. तो फोन कुणाचा होता ते आम्हाला तेव्हा कळलं.

मग बीजींनी डावा हात पुढे केला, ताईच्या खांद्यावर ठेवला, आणि म्हणाल्या, "अब तू आ गई है. चल, खड़ी कर मुझे." सून खाली बघत होती. ताई म्हणाली, "नहीं बीजी, अभी नहीं." बीजींनी हात काढला नाही. म्हणाल्या, "अभी नहीं तो कब? वो लोग चाबी लेने आ रहे हैं. एक बार खड़ी कर दे, लड़के को दिखा दूँ." ताईने तो हात दोन्ही हातांनी धरून खांद्यावरून खाली घेतला. ज्या ताईने हिवाळाभर त्यांना उठा उठा म्हणून भंडावून सोडलं होतं, तिला आता हे करावं लागत होतं. ती पलंगाशेजारी जमिनीवर बसली, आणि मला वाटलं होतं ती आता रडेल, पण तिने सगळं सांगून टाकलं. म्हणाली, बीजी, ताप नव्हता. मला दुसरी नोकरी मिळाली होती, घरातून सांगायला मनाई होती, म्हणून मी न सांगता गेले.

सुनेने उगीच उशी सारखी केली. मग बीजींनी विचारलं, "पक्की है?"

"हाँ बीजी."

"अच्छा किया. लड़की के लिए पक्की अच्छी होती है." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी सुनेला आम्हाला गाजर हलवा द्यायला सांगितलं. आणि सून आत गेल्यावर, भिंतीकडे बघत, जसं काही स्वतःशीच, म्हणाल्या, "बता देती तो मैं उस नए लड़के के साथ ही चढ़ लेती."

हलवा आम्ही कसा खाल्ला कोण जाणे. निघताना ताईने पाया पडायला वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तो मोडलेल्या बाजूला लागू नये म्हणून किती जपून, ते बघवत नव्हतं. बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले की शबानालाही केंद्राने असंच काढलं होतं, चूक तुझी एकटीची नाही. ती म्हणाली, "शबानाच्या जाण्याने बीजी पडल्या नाहीत, छोटी." त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही. त्या नोकरीत ती अजून आहे, विभागप्रमुख झाली. तिच्या हाताखाली कित्येक कंत्राटी मुलं-मुली आली आणि एका फोनवर सोडूनही गेली. ती त्यांच्यावर रागावते की नाही हे विचारायचा धीर मला झालेला नाही.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. आम्ही कुठे गेलो होतो ते तिला माहीत होतं, आणि दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नसावं, कारण चटईवर मटार अर्धे सोललेले तसेच पडले होते. तिने ताईच्या हातातली पर्स घेतली आणि विचारलं, "फार रागावल्या का गं?"

ताई चपला काढत होती. तो फोन, ती चावी, भिंतीकडे बघून म्हटलेलं ते वाक्य, यातलं काहीही ती सांगू शकली असती. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी होते.

"नाही," ताई म्हणाली. "नोकरी लागली म्हणून हलवा दिला त्यांनी."

आईच्या चेहऱ्यावरचा ताण सरसर उतरला. "मग झालं तर," ती म्हणाली, "मी उगाच जिवाला लावून घेतलं होतं," आणि ती ताटं घ्यायला आत गेली. ताई हात धुऊन पानावर बसली. आई समोर बसून गरम पोळी वाढत होती, वर तूप घालत होती, आणि ताई वाढलेलं सगळं मुकाट्याने खात होती.